देवदूत पुढच्या घरी

दिवाळीचे कंदील उतरले की मीरा रोडच्या दुकानांत त्याच हुकांवर चांदण्या चढतात. मधले काही दिवस ते हुक नुसते लोंबत असतात, आणि मला दरवर्षी त्या रिकाम्या हुकांकडे बघूनच नाताळ जवळ आल्यासारखं वाटतं. काल स्टेशनच्या रस्त्यावरच्या दुकानदाराने मला लांबूनच ओळखलं. "सर, बडावाला लो. छोटा स्टार चौथे माले से दिखता नहीं." मी म्हटलं, मुझे थोडी देखना है, रस्ते के लोगों को देखना है. "तो फिर बडा ही लो ना," तो म्हणाला. या माणसाच्या तर्कापुढे माझं पदवीचं शिक्षण कधी टिकलेलं नाही. मोठी चांदणी घेतली आणि शेअर रिक्षात मांडीवर धरून बसलो. तिचं एक टोक शेजारच्या बाईंच्या नाकाला लागलं. त्या म्हणाल्या, "क्रिसमस आ गया क्या? हमारा तो अभी फराल भी खतम नहीं हुआ."

भाईंदरला डिसेंबरात थंडी पडते असं म्हणणं जरा धाडसाचंच. सकाळी खाडीवरून जो गार वारा येतो, त्याला आम्ही थंडी म्हणतो आणि हौसेने स्वेटर काढतो. धुकं पडतं, त्यात निम्मी काशीमीऱ्याची धूळ असते. तरी या दिवसांत मला उगाचच हसू फुटत राहतं. कारण या दिवसांत आमच्या जेसल पार्कच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नाताळच्या नाटकाची तालीम सुरू होते, आणि त्या गच्चीवर चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात जे घडलं, ते आठवलं की मी रिक्षात असो की ऑफिसात, एकटाच हसतो. मग थोड्या वेळाने हसू थांबतं, आणि तरी आनंद तसाच राहतो.

आमचा नाताळ मुळात तालुक्याच्या गावचा. तिथे चांदणी विकत मिळत नसे. वडील बाजार समितीत हमाल होते, ते बांबूच्या कामट्या घेऊन यायचे. पतंगाचा कागद, खळ, आणि आत चाळीसचा बल्ब. आई करंज्या करायची, आणि पहाटे ढोलकी-झांजा घेऊन आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक घरोघर गाणी म्हणत फिरायचे. प्रत्येक घरी चहा. आठव्या घरानंतर गाणं कमी आणि चहाच जास्त व्हायचा.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्याकडे पीक निघालं की उपकारस्तुतीचा रविवार असतो. लोक आपल्या पिकातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतात: ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होतो. आम्हाला शेत नव्हतं. ज्या वर्षी मी बी.ए. झालो, त्या वर्षी आईने भोपळ्याशेजारी माझं गुणपत्रक ठेवलं. मूळ प्रत नाही, तेवढी ती हुशार होती, झेरॉक्स ठेवली. लिलावाच्या वेळी पाळकसाहेब तो कागद हातात घेऊन थबकले, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "कोंबडीनंतर घ्या साहेब, भाव चांगला येईल." सगळ्यात मोठ्याने माझी आईच हसली. तिचं ते हसणं हा माझा पदवीदान समारंभ.

ती पदवी मी फार हुशारीने नाही, एका सवयीने मिळवली. आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं की परीक्षेत प्रश्न कोरा सोडायचा नाही. येत नसेल तरी काहीतरी लिहायचं. पेपर तपासणाऱ्याला दया येते. ही सवय मी बॅगेत कपड्यांबरोबर भरून भाईंदरला आणली.

काशीमीऱ्याच्या एका गोदामात डिस्पॅचचं काम मिळालं होतं, पण राहायला जागा नव्हती. आईच्या माहेरच्या मंडळीतल्या सुलभामावशी जेसल पार्कला राहायच्या. घरात त्या, पाळीवर जाणारे काका आणि नितीन. मावशी घरीच शिवणकाम करतात. मी आठ महिने त्यांच्या घरी जेवलो, झोपलो, आणि त्यांनी मला एकदाही पाहुणा म्हटलं नाही. नितीन माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान. त्याने मला हे शहर शिकवलं. कुठली बस काशीमीऱ्याला जाते, कुठल्या वडापाववाल्याची चटणी टाळायची. माझ्या हिंदीवर तर त्याचा खास जीव. म्हणायचा, "दादा, तू हिंदी बोलतोस तेव्हा रिक्षावाला मराठी शिकतो."

गणपती नुकतेच गेले होते, नितीनला डेंग्यूचा ताप आला, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. कोणाची चूक नव्हती. तेच जड होतं.

मातीच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, संजय, तू घरचाच, दोन शब्द बोल. मी शिकलेला. प्रश्न समोर होता, चांगल्या देवाने हे का होऊ दिलं, आणि कोरा सोडायची मला सवय नव्हती. मी म्हणालो की देवालाही आपल्या बागेत सुंदर फुलं हवी असतात. कुठेतरी ऐकलेलं वाक्य. लोकांनी माना डोलावल्या. मावशींनी वर बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मग देवाला सांग, स्वतःची बाग लाव."

त्या दिवसानंतर मावशी दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. उपासनेलाही आल्या नाहीत. तोवर मी त्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर खोली घेतली होती, आणि एकाच बिल्डिंगमध्ये राहून हे सोपं नसतं. मी जिन्याने वर जाताना त्यांच्या मशीनचा आवाज येत असला की चपला हातात घेऊन जायचो. त्यांचा खरा राग तर देवावर होता, पण त्यांना देवापर्यंत जाण्याची जी एक वाट होती, तिच्यात मी आडवा पडलो होतो, असं मला वाटायचं. त्या परत याव्यात, एवढीच एक गोष्ट मी दोन वर्षं मागत होतो.

चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची मुलं मला सर म्हणतात आणि नाताळचं नाटक मीच लिहितो, पदवीधर असल्याच्या पुण्याईवर. चार वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात मावशींनी नाटकाचे कपडे शिवून द्यायचं कबूल केलं. मला नव्हे, करुणाला. करुणा त्यांच्या शेजारची, तेव्हा अकरा वर्षांची, आणि नाटकात देवदूत. आमचं सगळं दळणवळण तिच्यातून चालायचं.

"सर, मावशी म्हणाल्या, पंख पाठीला टोचतात म्हणून अस्तर लावलंय."

"त्यांना सांग, फार छान झालेत."

"सर, त्या घरीच आहेत. दोन मजले खाली."

"तू सांग ना, बाळा."

"तुम्ही दोघं भांडलात का?"

"तालीम सुरू करू या," मी म्हणायचो.

नाटकात हेरोद राजा व्हायला आमच्या मंडळीतलं कोणी तयार नसतं. लहान बाळांना मारायचा हुकूम कोण देणार? म्हणून ते काम दशरथकाका करतात. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या घराण्याची. वाडवडील मिठागरात राबलेले, आणि काकांनी गावच्या जत्रेतल्या नाटकात राक्षस करून करून आवाज कमावलेला. ते हिंदू आहेत, पण हेरोदाबद्दल त्यांना आमच्याहून जास्त माहिती आहे. मुकुट घालून प्लास्टिकच्या खुर्चीत चहा पीत बसतात आणि म्हणतात, "दरवर्षी मना हाच काम. तुमचे देवाला माझे मिशीचा काय राग हाय?"

कथा सगळ्यांना ठाऊक असते. बेथलेहेमात बाळ जन्मतं, हेरोदाला कळतं की नवा राजा जन्मला, आणि तो गावातली सगळी लहान बाळं मारायचा हुकूम देतो. देवदूत योसेफाच्या स्वप्नात येऊन सांगतो, आणि योसेफ आई-बाळाला घेऊन मिसर देशात, म्हणजे इजिप्तला, निघून जातो. माझ्या नाटकात त्यानंतर पडदा पडायचा. मागे राहिलेल्या बाळांचं काय झालं, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं. कपडे मावशी शिवत होत्या. करुणा त्यांच्याच ओट्यावर बसून वाक्यं पाठ करायची.

तालमीत करुणाने हात वर केला. "सर, एक डाउट आहे. मी योसेफाला उठवलं, पळ म्हटलं. मग मी कुठे जाऊ?"

"टाकीमागे. तुझं काम संपलं."

"म्हणजे शेजारच्या घरी नाही सांगायचं?"

योसेफ झालेला अमोल म्हणाला, "एकटी आहेस तू. अख्खं बेथलेहेम कव्हर करणार का?"

"केवढंसं गाव ते. आपल्या बिल्डिंगएवढं असेल. मी रोज सकाळी दहा मिनिटांत अख्ख्या बिल्डिंगला पेपर टाकते."

"ट्रॅफिक असेल," एक मेंढपाळ म्हणाला.

"एंजलला कसला रे ट्रॅफिक?"

दशरथकाकांनी बशी खाली ठेवली. "पोरगी बरोबर बोलतंय. गुपचूप सांगाचा सगल्यांना. मना काय समजनार हाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. देवाची योजना असते, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. "ते नाटकात नाही," मी म्हणालो.

"पवित्र शास्त्रात आहे," करुणा म्हणाली. "मी वाचलंय. त्या बायका रडल्या असं लिहिलंय."

"उद्या बघू," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी ते बघितलं नाही.

नाटक नाताळच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी. ऊन खाडीपलीकडे उतरत होतं. गच्चीवर शंभरेक खुर्च्या, अर्ध्या मंडळीच्या आणि अर्ध्या बिल्डिंगच्या. गुजराती, उत्तर भारतीय, सगळे आपापला चिवडा घेऊन आलेले. सुरू व्हायच्या आधी करुणाच्या पंखाचा पट्टा तुटला. ती धडाधड जिना उतरली आणि परत आली तेव्हा तिच्यामागे मावशी होत्या, ओठांत सुई धरलेल्या. त्यांनी पंख पोरीच्या पाठीवरच शिवला. मग मला वाटलं, जातील. त्या गेल्या नाहीत. जिन्याच्या दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी पडद्याची दोरी तपासू लागलो. ती मी आधी तीनदा तपासली होती.

सगळं नीट चाललं होतं. दशरथकाकांनी असा हुकूम सोडला की पहिल्या रांगेतलं एक बाळ खरंच रडलं. करुणा आली, योसेफाला उठवलं, "बाळाला घे आणि पळ," म्हणाली. योसेफ पळाला. मी पडदा ओढणार, तेवढ्यात ती टाकीमागे जायच्या ऐवजी स्टेजवरून उडी मारून लोकांत शिरली.

"उठा. बाळाला घ्या. हेरोद येतोय." एकेका खांद्यावर थाप मारत ती निघाली. "आंटी, उठो, बच्चे को लेके निकलो. आजोबा, तुम्हीपण."

आधी लोक बावरले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती भाभी खरोखर नातवाला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या. "क्या रे, किधर जाने का?" "मिसर. टंकी के पीछे." त्या निघाल्या. त्यांच्यामागे दुसऱ्या, तिसऱ्या. खुर्च्या सरकल्या, चिवडा सांडला, मुलं किंचाळत धावली. निम्मं बेथलेहेम पाण्याच्या टाकीमागे जाऊन दाटीवाटीने उभं राहिलं. हेरोदाचे शिपाई पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन आले तर मारायला कोणीच नाही. दशरथकाका स्टेजच्या मधोमध, तलवार वर धरलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भर नाटकात विचारलं, "आता मी काय कराचा?"

गच्ची हसून हसून कोसळायची बाकी होती. पाळकसाहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. मी हातात वही धरून उभा होतो आणि त्या वहीतलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं.

करुणा दारापर्यंत पोचली होती. समोर मावशी. तिने सवयीने हात वर केला, आणि तो तसाच राहिला. मावशींच्या कडेवर घ्यायला कोणी नव्हतं. ते तिला तेव्हा लक्षात आलं, आणि हळूहळू सगळ्यांना. टाकीमागचं हसू थांबलं.

मावशींनी तिच्या हाताकडे बघितलं. म्हणाल्या, "मला उशीर झाला गं. पुढच्या घरी जा."

पोरगी हलेना. तेव्हा मावशींनीच तिचं बोट धरलं. भिंतीलगत पाच-सहा माणसं अजून बसलेली होती, ज्यांना कोणी उठवलं नव्हतं. मावशी तिला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. पहिल्याच्या खांद्यावर थाप मारली. "उठा. बसलाय काय?" दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. शेवटचा माणूस उठेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

चांगल्या देवाने हे का होऊ दिलं, त्या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ वाचलं. देवाने माणसाला मोकळीक दिली म्हणून वाईटालाही वाट मिळाली, असं सांगतात. हेरोदाच्या बाबतीत ते मला पटतं. तापाच्या बाबतीत पटत नाही. डासाला कसली मोकळीक? दुःखाने माणूस घडतो म्हणतात. ते ज्याचं त्याने म्हणावं, दुसऱ्याने त्याच्या दारात जाऊन म्हणू नये. एवढं मात्र मला त्या गच्चीवर दिसलं. एकटा येशूच का वाचला, याचा करुणाला राग आला होता. पण तो वाचला कुठे? त्याची वेळ तीस-तेहतीस वर्षं पुढे गेली इतकंच. पुन्हा तलवारी आल्या, पुन्हा त्याच घराण्यातला एक हेरोद आला, आणि त्या वेळी कोणाच्या स्वप्नात देवदूत येऊन म्हणाला नाही की याला घे आणि पळ. त्यानेही क्रुसावरून वर बघून का म्हणून विचारलं, आणि त्या घटकेला त्यालाही उत्तर आलं नाही. ज्यांच्या दारावर थाप पडली नाही, त्या घरांच्या रांगेत माझा देव स्वतः येऊन उभा राहिला. तिसऱ्या दिवशी कबर उघडली, हे मी मानतो, अगदी मनापासून मानतो, आणि नितीनची उघडेल हेही मानतो. पण मधला शुक्रवार त्याने टाळला नाही. आणि अकरा वर्षांच्या पोरीला जो राग आला, बाकीच्यांना का नाही उठवायचं हा, तो तिला कोणी दिला? मला वाटतं, ज्याच्यावर तो राग होता त्यानेच.

नाटक संपल्यावर लोक मिसरहून परत आले आणि केक खाऊन घरी गेले. मी खुर्च्या घडी करत होतो. मावशी पंख गोळा करत होत्या.

"संजय."

दोन वर्षांनी. माझ्या हातातली खुर्ची पायावर पडली.

"त्या बायकांना का नाही घेतलंस नाटकात?"

"कुठल्या बायका?"

"नाटक करू नकोस, आत्ताच संपलंय."

मी म्हणालो, "तुम्हाला त्रास होईल म्हणून."

"मला त्रास व्हायला तुझं नाटक लागतं का?" त्यांनी पंखांची घडी घातली. "त्या होत्या ना तिथे. मग असू देत की."

"मावशी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"फुलाचं?"

"हो."

"मूर्खासारखं बोललास." त्यांनी पंख पिशवीत भरले. "नितीन असता तर आठवडाभर तुझी नक्कल केली असती. ‘दादा, मी कुठलं फूल?’ म्हणाला असता." आणि त्यांना हसू आलं, नाकात पाणी गेल्यासारखं, आणि मलाही. आम्ही दोघं त्या रिकाम्या गच्चीवर मूर्खासारखे हसत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "तुझ्यावरचा राग संपला. देवावरचा वेगळा आहे, तो माझा मी बघते."

तेव्हापासून दरवर्षी बेथलेहेमच्या आयांचा प्रवेश असतो आणि मावशी त्यात असतात. रविवारी उपासनेलाही येतात, शेवटच्या बाकावर. काही गाणी म्हणतात, काहींना तोंड मिटून बसतात. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ज्या ओळी खऱ्या वाटतात तेवढ्या म्हणते. देवाला खोटं सांगू का?" पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं नाही. पण परवाच्या रविवारी मी मोजल्यासारखं लक्ष ठेवलं होतं: बऱ्याच ओळी म्हणाल्या.

काल चांदणी घेऊन मी आधी त्यांच्याकडेच गेलो. त्या मशीनवर होत्या. करुणा यंदा दहावीला, तरी तालमीचं विचारायला येऊन गेली होती. अमोलला मिशी फुटल्यामुळे हेरोद आता तो होणार होता. मावशींनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "येशू मोठा झाल्यावर कधी बेथलेहेमला गेला असेल का रे?"

"शास्त्रात तसं काही नाही."

"यरुशलेमेला तर जायचा ना? तिथून लांब आहे?"

"नाही. इथून बोरिवली असेल तेवढं."

"मग गेला असणार. आणि त्या बायका म्हाताऱ्या झालेल्या असतील. त्यांच्या पोरांच्या वयाचा अख्ख्या गावात तेवढा एकच उरलेला. मी तर बघायला गेले असते." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मी नितीनच्या वयाचा. मी चांदणीचा कागद नीट करत बसलो. "तो प्रवेश घाल यंदा," त्या म्हणाल्या.

"त्याचं काम कोण करणार?"

"दशरथभावजींना दे. किती वर्षं चांगलं काम मागतायत. आणि ऐकून घ्यायची सवय आहे त्यांना, घरी बायको आहे."

मी वही काढली. "तुम्ही काय म्हणाल त्याला?"

"भांडेन. तुझ्या बापाला उठवलं, माझ्या नवऱ्याला का नाही? सगळं विचारेन. लिही, सांगते."

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. पान भरलं, दुसरं भरलं. मशीन बंद, बाहेर जिन्यात मुलांचा दंगा. शेवटी त्या थांबल्या.

"आणि तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"ते तू लिहू नकोस. बसू दे त्याला माझ्यासमोर."

"पण मावशी, काहीतरी बोलायला हवं त्याने. लोक वाट बघत बसतील."

"बसू देत," त्या म्हणाल्या. "मीपण बघतेय."